भुरीची दाढ

येलदरी कॅम्पात मासळी काठावर आल्याची खबर माणसांआधी मांजरांना लागते. पूर्णेवरचं हे मातीचं धरण १९६८ साली पुरं झालं. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे, मागे नजर पुरणार नाही एवढं पाणी, आणि त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, नशीब असेल तर मरळ. भल्या सकाळी जाळी काठावर येतात, तराजू टांगला जातो, आणि कुंपणाखालून, पडक्या भिंतीवरून, बंद क्वार्टरच्या खिडकीतून मांजरं उतरू लागतात. आमच्या आत्याची भुरी त्यात सगळ्यांत पुढे. कटल्याचं डोकं तिच्या वाट्याचं, हे बाकीच्या मांजरांनी कधीचंच मान्य केलं होतं.

त्या भुरीने एका पावसाळ्यात कटल्याचं डोकं नाकारलं. नाकारलं म्हणजे तोंड फिरवलं असं नाही. ती धावत आली, हुंगलं, तोंडात धरलं, मान एका बाजूला वाकडी केली, आणि मग ते डोकंच आपल्याला चावलं असावं तसं फिस्कारून मागे सरकली. पुन्हा आली. पुन्हा तेच.

“भूक हाय तिला,” आत्या म्हणाली. “खायला येतीय, पण खाता येईना. दाढ दुखायलीय तिची.”

सगळे हसले. मामांना वाटलं, मासळी शिळी असेल. आत्या मात्र हटली नाही. भुरी आता डाव्या अंगानेच चावते, पाण्यात कालवलेली भाकरी चाटते पण कोरडा तुकडा टाकून देते, पुढच्या पंजाने गाल घासते, झोपते तिथे लाळेचा डाग पडतो, हे सगळं तिने टिपलेलं. शिवाय पाठीवरचे केस. आरशासारखं अंग ठेवणाऱ्या भुरीच्या पाठीवर गुंते झाले होते. जीभ फिरवायला जबडा उघडावा लागतो, आणि दुखत्या तोंडाचं मांजर आधी स्वतःला चाटणं सोडतं. तोंडाला वास येतो तो वेगळाच. मासे खाणाऱ्या मांजराच्या तोंडाला वास यायचाच, असं म्हणून आपण तो सोडून देतो.

मांजर दुखणं दाखवत नाही याला कारण आहे. ती उंदराची शिकारी, पण कुत्र्या-कोल्ह्यांचं भक्ष्यही. दुखऱ्या जिवाने बोंब मारली तर ती पहिल्यांदा ऐकणारे मदतीला येणारे नसतात. म्हणून ती ओरडत नाही, खाणंही सहसा पूर्ण सोडत नाही. आपल्या दाढेवर सूज आली की घर डोक्यावर घेणाऱ्या माणसाला हे उमगायला जड जातं. मॉन्ट्रिअल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचं आकसणं, नाकातोंडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली, अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले की वेदनाशामक देण्याचा विचार करायचा. पण ही पट्टी नव्याने उठलेल्या दुखण्याची. महिनोन्‌महिने मुरलेलं दुखणं चेहऱ्यावर नसतं, ते ताटलीपाशी दिसतं. आत्याने पट्टी ऐकलेली नव्हती, ताटली तिच्या समोर होती.

मला याचं नवल वाटतं, कारण दात पाहण्यात आमचा मुलूख काही कच्चा नाही. बैल घेताना इथला शेतकरी आधी ओठ वर करतो. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दातांवरून वय ठरतं आणि वयावरून भाव. मांजराला भाव नाही, म्हणून तिचा ओठ कुणी उचलत नाही. उचलला तर तीस दात दिसतील, वर सोळा, खाली चौदा. मागचे कात्रीसारखे एकमेकांवर घसरतात. रवंथ करणाऱ्यासारखा जबडा आडवा फिरवणं तिला जमत नाही, मांसाचे तुकडे करायचे आणि गिळायचे.

आणि मग घरातला औषधोपचार सुरू होतो. शेजारच्या काकूंनी लवंगेचं तेल आणलं. कापसाचा बोळा, दाढेवर दाब, दोन मिनिटांत आराम, हा आपला पिढीजात उपाय. मांजराला तो विषासारखा. लवंगेतलं औषधी द्रव्य पचवून बाहेर टाकायची यंत्रणा तिच्या यकृतात तोकडी आहे. तापाची पांढरी गोळी त्याहून वाईट. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आत्याने तेलाची बाटली परत पाठवली. “तिला काय द्यायचं ते डॉक्टर सांगंल,” एवढंच.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे आमच्या जिल्ह्याला जनावरांचे डॉक्टर नवे नाहीत. भुरीला भाजीच्या टोपलीत घालून, वर दुसरी टोपली बांधून, जिंतूरमार्गे परभणीला नेलं. सबंध रस्ता ती गप्प. मला तिचं ते गप्प राहणं आवडलं नाही.

डॉक्टरांनी ओठ उचलला, आणि खालच्या जबड्यात, दात हिरडीला भिडतो तिथे, लालसर मांसाचा ठिपका दाखवला. माणसाच्या दाताला लागते तशी कीड मांजराला लागत नाही, ते म्हणाले. दुधाचे दात पाडायला शरीर ज्या पेशी वापरतं तशाच पेशी पक्क्या दातावर चालून येतात आणि तो कुरतडत जातात. का येतात, याचा पत्ता विज्ञानाला अजून लागलेला नाही. खड्डा भरून भागत नाही, कारण खाणं थांबत नाही. दात काढावाच लागतो. हिरडीबाहेर दिसतं त्यावर विसंबायचं नाही, म्हणून एक्स-रे. आणि जागेपणी मांजर तोंडात हात घालू देत नाही, म्हणून भूल. भुलीतही त्या ठिपक्याला सळई लागली की जबडा थरथरतो, हे ऐकल्यावर मामांचं हसणं बंद झालं.

काही मांजरांचं सगळं तोंडच सोलल्यासारखं लाल होतं, दातांच्या मुळाशी साचणारा मळही त्यांच्या शरीराला सोसत नाही. तेव्हा मागचे सगळे दात काढतात. ऐकायला क्रूर. पण दुखरा दात तोंडात असण्यापेक्षा दात नसणं मांजराला सुखाचं, आणि बिनदाताची मांजरं सुखाने खातात. भुरीच्या दोन दाढा गेल्या. सोबत वजनावर मोजून दिलेलं वेदनाशामक, थेंब कमी-जास्त होऊ न देता.

काही दिवस मऊ खाऊ घाला, असं सांगितलेलं. आत्या मृगळ उकडायची, बोटांनी एकेक काटा काढायची, आणि भुरीपुढे ठेवायची. मामांच्या ताटातल्या मासळीचे काटे मामांनीच काढायचे होते. त्यांनी एकदा तसं बोलून दाखवलं.

“तुमचे दात शाबूत हायत,” आत्या म्हणाली.