नाव नसलेली जमा

ख्रिस्ती दिनदर्शिकेत नाताळाच्या एकोणीस दिवस आधी एक धाकटा सण येतो. ६ डिसेंबर हा संत निकोलस यांचा स्मृतिदिन. लाल पोशाखातला सांताक्लॉज सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचे नाव ‘सिंटरक्लास’ या डच नावावरून आले आणि सिंटरक्लास म्हणजे हेच संत निकोलस, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खलाशी, व्यापारी आणि वस्तू तारण ठेवून कर्ज देणारे सावकार या सर्वांचे ते पालक संत मानले जातात.

निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या बंदराच्या गावी बिशप होते. त्यांच्या हयातीतला लिखित पुरावा जवळजवळ नाही. त्यांची जी कथा पुढे युरोपभर पसरली, ती अशी : एका सुखवस्तू गृहस्थाचे दिवस फिरले. घरात तीन उपवर मुली, हुंड्याला पैसा नाही. मुलींना देहविक्रयाच्या वाटेला लावण्याचा विचारही त्याच्या मनात डोकावू लागला. एका रात्री निकोलस यांनी खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. पुढे दुसरी थैली आली, दुसरीचेही झाले. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला, अंधारात धावत गेला आणि त्याने देणाऱ्याला गाठले. निकोलस यांनी त्याच्याकडून एकच वचन घेतले : मी जिवंत असेपर्यंत हे कोणास सांगू नकोस.

युरोपात तारणावर कर्ज देणाऱ्यांच्या दुकानांवर तीन सोनेरी गोळ्यांची खूण असते. तिचा उगम काहीजण इटलीतील सावकारी घराण्यांत शोधतात. लोकसमजूत मात्र ते गोळे म्हणजे निकोलस यांच्या तीन थैल्या मानते. सावकाराच्या दारावर परतफेड न मागणाऱ्या संताची खूण असावी, हा योग मोठा विलक्षण आहे.

हा सण सर्वांत जिव्हाळ्याने साजरा होतो तो नेदरलँड्समध्ये, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्याआधीच्या दिवसांत मुले रात्री चुलीपाशी बूट ठेवतात. त्यात संताच्या पांढऱ्या घोड्यासाठी गाजर किंवा गवत असते. सकाळी बुटात संत्री, चॉकलेटचे अक्षर आणि दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली छोटी बिस्किटे सापडतात. पूर्वेकडील मसाल्यांच्या व्यापाराची आठवण त्या चवीत अजून शिल्लक आहे. सतराव्या शतकात संतपूजेस विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट कारभाऱ्यांनी काही शहरांत या सणावर बंधने घातली. तरी घराघरांतून तो टिकला. चित्रकार यान स्टेन यांनी त्याच शतकात रंगविलेल्या एका चित्रात बुटात छडी मिळाल्याने रडणारा मुलगा दिसतो, आणि मागे पडद्याआडून खुणावणारी आजीही दिसते.

मोठ्यांची रीत अधिक अर्थपूर्ण आहे. नावांच्या चिठ्ठ्या काढून प्रत्येकजण कोणा एकासाठी भेट तयार करतो. सोबत त्याच्या स्वभावाची थट्टा करणारी कविता असते. खाली सही संताची. घेणारा ती सर्वांसमोर वाचतो आणि आभार मानतो तेही संताचेच. खरा देणारा त्याच खोलीत बसून हसत असतो. घेणाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होते. ती कोणाच्या नावे मांडायची, हा रकाना कोराच राहतो. म्हणून उपकाराचे ओझेही कोणावर पडत नाही.

याचा अर्थ नाव लावणे गैर, असा नव्हे. त्याच हॉलंडमध्ये, हार्लेम शहरातील वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांचे समूहचित्र १६६४ च्या सुमारास फ्रान्स हाल्स यांनी रंगविले. सार्वजनिक पैसा ज्यांच्या हाती, त्यांचे चेहरे लोकांना ठाऊक असलेच पाहिजेत. तेथे हिशेब हवा आणि हिशेबाला नाव हवे. परंतु काल ज्याच्या पेढीवर लोक पत मागायला येत, आज ज्याची पेढी बुडाली, अशा घरी मदत न्यायची असेल, तर तेथे दात्याचे नाव मदतीपेक्षाही जड होते. त्या बापाला सोन्याची गरज होती, तितकीच उद्या गावात मान वर करून चालण्याचीही होती. निकोलस यांनी दोन्ही गरजा ओळखल्या. म्हणून ते रात्री गेले, आणि दाराने न जाता खिडकीशी थांबले.

गुप्तदान हा शब्द व्यापारी घरांना नवा नाही. देणाऱ्याचा अहंकार वाढू नये म्हणून ते करावे, असे सांगितले जाते. ६ डिसेंबरचा सण त्याची दुसरी बाजू दाखवतो : नाव झाकायचे ते घेणाऱ्याच्या अब्रूसाठी. आपल्यासाठी झाकलेले नाव कधीतरी, चार माणसांत, सहज तोंडून निसटते. दुसऱ्याच्या अब्रूसाठी झाकलेले मात्र जपावेच लागते, कारण ते उघड करण्याचा अधिकार देणाऱ्याकडे उरलेलाच नसतो.