ढोलाचे पान

२०२५ च्या श्रावणातील गोष्ट. भोरला तीन दिवस पावसाची झड लागली होती. नीरेचा गढूळ लोंढा पाहून मी परतलो आणि ओली छत्री ओसरीवर टेकवतो आहे, तोच आतून एक विलक्षण घरघर कानी आली. चिखलात रुतलेली मालमोटार कुणीतरी बाहेर काढीत असावे, असे मला क्षणभर वाटले. पण ती घरघर पुण्याहून सुटीवर आलेल्या माझ्या पुतण्याच्या खोलीतून येत होती.

"हे काय रे?" मी दारातून विचारले.

"डूम मेटल, काका."

आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकवल्यामुळे 'डूम' शब्दाची फोड मला कुणी करून सांगायला नको होती. अंतिम निवाड्याचा दिवस एवढा सावकाश येत असेल, हे मात्र ठाऊक नव्हते. एक स्वर निघे, तो विरेपर्यंत दुसरा येत नसे. आणि आला, की छातीवर धोंडा ठेवल्यासारखा येई. या पंथाचे मूळ पुरुष म्हणजे बर्मिंगहॅमचे 'ब्लॅक सॅबथ'. त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै रोजी वारला होता, म्हणून चिरंजीव सुतकात होते. मी मुकाट्याने खुर्ची ओढून बसलो.

सुतकातला माणूस बोलका होतो. ब्लॅक सॅबथवरून तो आपल्या लाडक्या मंडळीवर आला. इंग्लंडातील हॅलिफॅक्स गावी १९८८ मध्ये निघालेली 'पॅरडाइज लॉस्ट' ही ती मंडळी. मिल्टनच्या महाकाव्याचे नाव ऐकून मी कान टवकारले. १९९१ सालच्या 'गॉथिक' या संग्रहात त्यांचा गायक घशातून गुरगुरत असे आणि गती कूर्माची असे. पुढे गुरगुर निवळली. १९९५ च्या 'ड्रॅकोनियन टाइम्स'मध्ये तो सरळ गाऊ लागला, आणि १९९९ च्या 'होस्ट'मध्ये तर गिटारी मागे सरून विजेच्या वाद्यांचे गुळगुळीत सूर पुढे आले.

"ते त्यांचं संगीतच नाही, काका. तो सरळ विश्वासघात आहे!" पुतण्या तावातावाने म्हणाला.

ज्या वर्षी हा विश्वासघात घडला, त्या वर्षी या गृहस्थांचा जन्मही झालेला नव्हता. काही घराण्यांत बांधाचे भांडण वारशाने येते, तसे हे वैर त्याला जुन्या चाहत्यांकडून वारशाने मिळाले होते. मला हसू आले, कारण असले वैर आमच्या घराला नवे नव्हते. माझे वडील बालगंधर्वांच्या तबकड्यांवर वाढलेले. १९६४ साली 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आले आणि जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला आटोपशीर, नवे रूप दिले. अवघ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. वडिलांनी मात्र ती पदे रेडिओवर लागली की उठून कान पिरगळावा तसा खटका बंद करण्याचा नेम अखेरपर्यंत पाळला. मला अभिषेकी प्रिय. त्यामुळे वडिलांच्या हट्टाची गोष्ट सांगून, रसिकाने कलावंताच्या वाटेत आडवे येऊ नये, असे छोटेसे प्रवचन मी पुतण्याला दिले.

प्रवचन चांगले झाले. शब्दही बरे सुचले. पण ते देत असतानाच माझ्या मनात एक आवाज घुमू लागला होता, आणि तो ना हॅलिफॅक्सचा होता, ना नाट्यपदाचा.

माझे मूळ गाव वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याशी. त्या खोऱ्यात ढोल-लेझमीचा नाद पिढीजात. आमच्या गावच्या ढोलकऱ्यांतले म्होरके आबा. मी लहान असताना त्यांच्या ढोलाला कातड्याचे पान असे. एका तोंडावर हाताची थाप, दुसऱ्यावर टिपरू. तो आवाज कानात शिरण्याआधी पोटात शिरे. डोंगर तो एकदा परत करी, आणि आम्हा पोरांना वाटे की तोरण्यावरही कुणीतरी ढोल घेऊन बसले आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात मी गावी गेलो, तर ढोलांना प्लॅस्टिकची पाने चढलेली. आवाज मोठा होता, पण वरच्या पट्टीतला, कोरडा. पोटापर्यंत पोहोचण्याआधीच संपणारा. वाजवून झाल्यावर आबा घाम पुशीत माझ्यापाशी आले.

"कसं काय वाजलं, मास्तर?"

"आबा," मी सगळ्या पोरांदेखत म्हणालो, "हा ढोल नव्हे, हा डबा आहे."

आबांनी टिपरू खाली ठेवले. रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "पाऊस काय आमचं ऐकतोय व्हय, मास्तर?" आणि ढोल उचलायला वळले.

त्या वाक्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही. वास्तविक तो लावायला पदवी लागत नव्हती. गणपती येतात भाद्रपदात, आणि भाद्रपदात आमच्या खोऱ्यात आभाळ फाटलेले असते. कातडे ओल पिते, ओल प्यायलेले पान सैल पडते, आणि सैल पानाचा ढोल मुका होतो. लहानपणी मीच पेंढ्याच्या जाळावर पाने शेकताना पाहिली होती. पण पुण्याच्या मिरवणुकीत भर रस्त्यावर जाळ कुठे करायचा? ढोल मुका झाला, की पुढल्या सालची सुपारी दुसऱ्या गावाला जाते. आणि त्या सुपारीच्या पैशावर कुणाच्या घरचे खत, कुणाच्या मुलीची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. प्लॅस्टिकला ओल ठाऊक नाही. मी ज्याला आबांची अभिरुची समजलो, ती त्यांची गरज होती.

पुतण्या माझ्या प्रवचनाने फारसा हलला नव्हता. त्याने पुन्हा सॅबथची तबकडी लावली आणि तिच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची, कथा सांगितली. हा डावखुरा तरुण पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि नेमकी तीच बोटे तारा दाबणारी. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर कातड्याचे तुकडे चिकटवले. पुढे तारा दाबताना दुखू नये म्हणून त्या सैल केल्या, आणि सैल तारांचा स्वर खाली, अंधारात उतरला. ज्या गंभीर नादावर पुतण्याचा जीव जडला होता, त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराची अडचण होती.

"म्हणजे प्लॅस्टिकनंच झालं म्हणायचं," मी पुटपुटलो. त्याला ते कळले नाही, आणि मीही अधिक सांगितले नाही. नंतर त्यानेच कबूल केले की २०१५ सालच्या संग्रहात पॅरडाइज लॉस्टच्या गायकाने जुनी गुरगुर पुन्हा काढली. आणि ज्या 'होस्ट'ला शिव्या पडल्या, त्याच्याच नावाने मंडळीतल्या दोघांनी २०२३ मध्ये निराळी तबकडी काढली. मंडळींना आपली वाट परत बदलायला अवधी मिळाला. आबांना माझ्याकडून तो मिळाला नाही. त्या सालानंतर त्यांनी मला 'कसं वाजलं' हे कधी विचारले नाही, आणि आता ते विचारायला उरलेले नाहीत.

मला वाटते, आपला आवडता आवाज बदलला म्हणजे आपण चिडतो ते कलेसाठी नव्हे. त्या आवाजात आपले एखादे वय आपण जपून ठेवलेले असते, आणि ठेव परस्पर मोडल्यासारखे आपल्याला वाटते. दुःख खरे असते. पण ठेव आपली असली, तरी ढोल दुसऱ्याच्या खांद्यावर असतो, हे आपण विसरतो.

त्या भाद्रपदात मी पुतण्याला घेऊन गावी गेलो. पाऊस होताच. आबांचा नातू पुढे उभा राहून प्लॅस्टिकचे पान बडवीत होता. आवाज मला आवडला, असे लिहिले तर ते खोटे होईल. मी अखेरपर्यंत उभा राहिलो, एवढेच. वाजवून झाल्यावर पोराने आजोबांसारखाच घाम पुसला आणि विचारले, "कसं वाजलं, सर?"

"उद्या पुन्हा ऐकायला येतो," मी म्हणालो.

पुतण्या मात्र माझ्याकडे पाहत नव्हता. तो तोरण्याकडे तोंड करून डोंगराचा जबाब ऐकत होता.