बुटाचा नंबर आणि पायाचा आकार



माझ्या कोर्समेटपैकी काहींनी वीस वर्षांची नोकरी पुरी करून पेपर टाकले आहेत, काहीजण टाकायच्या विचारात आहेत. या मंडळींना सध्या एकच नाद लागलाय, माउंटन बाइकचा. गुडघे आता पळायला नको म्हणतात, पण वर्षानुवर्षं पहाटे उठायची सवय काही सुटत नाही. मग सायकल. फोन येतात. गिअर किती असावेत? पुढचं सस्पेंशन किती मिलिमीटरचं? चाक साडेसत्तावीसचं की एकोणतीसचं? अर्धा तास बोलणं होतं आणि फोन ठेवता ठेवता मी विचारतो, "आणि बूट?" पलीकडून हमखास उत्तर येतं, "बुटांचं काय? आहेत ना जॉगिंगचे."

यात त्यांचा दोष नाही. खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही सायकलवरच काढली. स्क्वॉड्रनमधून वर्गात, वर्गातून ड्रिल स्क्वेअरवर, तिथून पीटीला. त्या त्या वेळी पायात जे असेल ते, ड्रिल बूट असोत की कॅनव्हासचे पीटी शूज, त्यांनीच पेडल मारलं. सायकलला वेगळे बूट लागतात हे आपल्या पिढीच्या फौजीला पटतच नाही. तिथल्या डांबरी रस्त्यांवर ते खरंही होतं.

डोंगरातली गोष्ट वेगळी. खडबडीत उतारावर आपण सीटवर बसलेलो नसतो, दोन पेडलांवर उभे असतो. सगळं वजन दोन तळव्यांवर, आणि खालून दगडांचे धक्के. चढावर तोच पाय तासन् तास दाबत राहतो. वाट फारच बिकट झाली की उतरून सायकल ढकलायची किंवा खांद्यावर घ्यायची. म्हणजे या बुटाला तीन कामं आहेत. दाबताना वाकायचं नाही, धक्क्यात पेडल सोडायचं नाही आणि चालताना घसरायचं नाही. ही तिन्ही कामं सारख्याच तोडीची करणारा बूट मी अजून पाहिलेला नाही. आपण कुठे आणि कसं चालवणार, त्यावर निवड ठरते.

मुख्य प्रकार दोन. पहिला सपाट पेडलवरचा. त्या पेडलवर बारीक खिळे असतात आणि बुटाचा तळ चिकट रबराचा, जवळजवळ सपाट असतो. हे रबर मुळात प्रस्तरारोहणाच्या बुटांतून आलं. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेली फाइव्ह टेन ही कंपनी कड्यावर चढणाऱ्यांसाठी बूट करायची. तिचंच रबर पुढे सायकलवाल्यांच्या पायाखाली आलं. खिळे रबरात रुततात आणि पाय हलत नाही. तोल गेला की पाय लगेच जमिनीवर टेकवता येतो, हा मोठा फायदा. तोटा एवढाच की पाय सटकला तर तेच खिळे नडगी सोलून काढतात.

दुसरा प्रकार क्लीटचा. बुटाच्या तळाला दोन बोल्टनी धातूचा छोटा तुकडा बसवलेला असतो, तो पेडलमध्ये खटकन अडकतो. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. शिमानो कंपनीनं १९९० साली ही एसपीडी पद्धत आणली आणि माउंटन बाइकवर ती आजही चालते. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलची क्लीट मोठी, बहुधा तीन बोल्टची आणि तळाबाहेर आलेली असते. ती घालून चालणं म्हणजे बदकाची चाल. डोंगरी बुटात क्लीट तळाच्या खाचेत दबलेली असते, त्यामुळे थोडंफार चालता येतं. नवशिका मात्र सिग्नलला थांबताना पाय सोडवायला विसरतो आणि उभ्या उभ्या आडवा होतो. हा संस्कार सगळ्यांवर एकदा होतोच.

क्लीट कुठे बसवायची यालाही महत्त्व आहे. अंगठ्यामागचा तळव्याचा फुगीर भाग साधारण पेडलच्या दांड्यावर यावा. लांब चढ आणि खडतर उतार असतील तर ती त्याहून थोडी मागे घ्यावी, पोटरीला आराम पडतो. क्लीट तिरकी बसली तर त्याची तक्रार गुडघा करतो, आणि चाळिशीनंतरचा गुडघा तक्रार विसरत नाही.

आता मापाकडे येतो. माझा खरा मुद्दा तोच आहे.

बुटाचा नंबर लांबीबद्दल थोडंफार सांगतो, रुंदीबद्दल काहीच नाही. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.५ मिमी वाढते. युरोपियन मापात एका नंबराला साधारण ६.७ मिमी. दोन्ही पद्धतींचे नंबर एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून "माझा आठ, म्हणजे बेचाळीस" हा हिशोब अंदाजाचाच राहतो. पायाची लांबी थेट मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट पद्धत जास्त प्रामाणिक आहे. नाटोच्या फौजा आणि स्की बूट करणारे तीच वापरतात.

रुंदीचा प्रश्न तर आपल्या सगळ्यांचाच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा साधारणपणे रुंद आहेत. त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. माउंटन बाइकचे बरेचसे चांगले बूट बाहेरच्या साच्यावर बनतात. हे वाचण्याआधीच मी त्याचा परिणाम एका पायावर पाहिला होता.

काही वर्षांपूर्वी आमची एक टीम मनाली ते लेह सायकल मोहिमेवर निघाली होती. बूट एका पुरस्कर्त्यांकडून आले. त्यांनी आमच्याकडून फक्त नंबर मागवले होते आणि पेट्या पोहोचल्या त्या निघायच्या दोन दिवस आधी. क्लीटचे बूट, दिसायला देखणे, टोकाकडे निमुळते. मनालीत सगळ्यांनी घालून पाहिले. "सब ठीक है, साब." फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून कधीच पुरतं समाधान वाटत नाही. म्हणून रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन होईल, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

टीममध्ये पाटण तालुक्यातल्या डोंगरवाडीतला एक नायक होता. चढावर सगळ्यांच्या पुढे. दहावीपर्यंत अनवाणी शाळेत गेलेला. पाय पुढे पंख्यासारखा पसरलेला, बोटं एकमेकांपासून सुटी. बूट त्याला लांबीला अगदी बरोबर होता.

बारालाचा ला ही खिंड सुमारे ४,९०० मीटरवर आहे. तिच्या वाटेवर झिंगझिंगबारच्या पुढे रस्त्यावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहतं. ऊन चढेल तसे नाले फुगत जातात. त्या दिवशी सगळ्यांचे बूट भिजले. वर वारा होता. सरचूच्या मुक्कामाला तंबूत इन्स्पेक्शन सुरू झालं तेव्हा हा नायक सगळ्यांत शेवटी आला आणि मोजा काढायला वेळ लावू लागला. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं पांढरी पडलेली होती. दाबलं तर कळत नव्हतं.

"कधीपासून?"

"बधीर कालपासूनच होतंय, साहेब. पांढरी आज झाली."

"बोलला का नाहीस?"

"टीममधून काढाल म्हणून, साहेब."

मी बुटातला आतला तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि त्याला त्यावर उभं केलं. करंगळी पूर्ण बाहेर आणि शेजारचं बोट अर्धं बाहेर. नंबर बरोबर होता, फक्त दोन बोटांना बुटात जागा नव्हती. दाबलेल्या बोटांत रक्त कमी पोहोचतं, त्यात ओला मोजा, आणि तळाखाली धातूची क्लीट, जी थंडी आत आणते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सायकलवर बोटं बधीर होतात त्याची दोन कारणं असतात. तळव्याच्या फुगीर भागात आग होऊन मुंग्या येत असतील तर तो सहसा नसांवरचा दाब. बुटाची पकड सैल केली, क्लीट थोडी मागे घेतली की बरं वाटतं. पण बोटं पांढरी आणि थंडगार पडली तर तो हिमदंशाच्या वाटेवरचा टप्पा असू शकतो. तिथे थांबायचंच. नर्सिंग असिस्टंटनं त्याचे मोजे बदलले, बोटं चोळू दिली नाहीत, शेकोटीजवळ नेऊ दिलं नाही. एका साथीदारानं जॅकेट उघडून तो पाय स्वतःच्या काखेत धरला. तासाभरात रंग परतला आणि बोटं ठणकायला लागली. ते ठणकणं ऐकून आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला. गाटा लूप्सची २१ वळणं त्यानं खिडकीतून पाहिली आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही डॉक्टरांनी वायरलेसवर नकारच दिला. मिस्त्रीनं मधल्या वेळात सुट्या सामानातली सपाट पेडल त्याच्या सायकलला लावली. आमच्या ड्रायव्हरकडे एक नंबर मोठे, रुंद तोंडाचे ट्रेकिंग बूट होते, ते त्याला कोरड्या लोकरी मोज्यावर नीट बसले. डॉक्टरांची परवानगी मिळाली ती शेवटच्या टप्प्याला, उपशीच्या पुढच्या सिंधूकाठच्या रस्त्याला. लेहमध्ये तो टीमबरोबर सायकलवरच शिरला. ट्रेकिंग बुटाचा तळ थोडा वाकतो, दाबाची थोडी ताकद वाया जाते. त्याला ती वाया घालवणं परवडलं. दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत.

तर बूट घेताना काय पाहायचं? दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. उंचीवर तो आणखी सुजू शकतो. ज्या मोज्यावर वापरणार तोच मोजा घालून माप घ्या. इनसोल काढून त्यावर उभे राहा, पाय बाहेर सांडतोय का बघा. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटं आत हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. दोन्ही पाय मोजा, क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाच्या मापानं घ्या.

मग बूट हातात धरून वाकवा. चवड्याशी थोडा वाकावा, मधोमध वाकू नये. जॉगिंगचा बूट मधोमध वाकतो, पिळलाही जातो. म्हणून तासाभरानं पेडल तळव्यात रुतायला लागतं.

बांधणीचं म्हणाल तर फिरकी आणि तारेची बोआ पद्धत हातमोजे घालूनही चालते, एका हातानं सैल होते. पण पांगच्या पुढे ती तुटली तर काय करणार? नाडी तुटली तर सुतळीसुद्धा चालते. नाडीचं टोक मात्र आत खोचा, चेनमध्ये अडकलं तर थेट जमीन.

आपल्या सह्याद्रीत थंडीचा प्रश्न नाही, चिखलाचा आहे. तांबडी माती क्लीटच्या खाचेत भरली की ती अडकत नाही, आणि अडकली तर सुटत नाही. पावसाळ्यात ओल्या कातळावर धातूची क्लीट टेकली की माणूस साबणावर उभा असल्यासारखा घसरतो. घाटवाटांवर ढकलणं जास्त आणि चालवणं कमी असेल, तर सपाट पेडल आणि तळाला खोल खाचा असलेला बूट घ्या. भिजलेले बूट बुखारी किंवा चुलीजवळ वाळवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोनदा बदला, सकाळपर्यंत काम होतं. हे रिक्रूट असताना उस्तादांनी शिकवलेलं आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

त्या मोहिमेनंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. टीम ठरली की नंबरांची यादी मागवत नाही. संध्याकाळी प्रत्येकाला कागदावर उभं करून दोन्ही पायांची बाह्यरेषा पेन्सिलनं काढतो. लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितो. बूट देणाऱ्याकडे तेच कागद जातात. सुरुवातीला जवान हसतात, लहान पोरांचे ठसे घेतल्यासारखं वाटतं त्यांना. तो नायक आता हवालदार आहे. कागद पसरून पेन्सिल धरायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलंय, आणि "सब ठीक है" म्हणणाऱ्याला तो आधी मोजे काढायला लावतो.

जय हिंद.