राखीव बाक

२००६ सालच्या जून महिन्यातील ती रात्र मला अजून आठवते. वसईचा पाऊस आपल्या नेहमीच्या तालात कोसळत होता आणि धर्मग्रामाच्या सभागृहात पन्नास-साठ तरुण, चार-दोन प्रौढ आणि मी असे सारे एका दूरदर्शन संचासमोर ताटकळत बसलो होतो. जर्मनीत विश्वचषक स्पर्धा चालू होती आणि ब्राझीलचा जपानशी सामना आपल्याकडे रात्री साडेबारा वाजता सुरू व्हायचा होता. मी तेव्हा साहाय्यक धर्मगुरू होतो. पस्तिशी गाठली नव्हती. प्रमुख धर्मगुरूंनी साठी ओलांडली होती. सभागृहाची किल्ली माझ्या हातावर ठेवताना ते एवढेच म्हणाले, "पहिली मिस्सा सहाला आहे, विसरू नका."

वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या गावांत ब्राझील हा परदेश नव्हेच. पोर्तुगीज वसईतून १७३९ साली गेले, त्यांचा किल्ला पडका झाला, पण नावे राहिली; आणि तीच नावे घेऊन सातासमुद्रापलीकडचे अकरा जण पिवळ्या सदऱ्यात धावू लागले, की आमच्या म्हाताऱ्यांनाही ते आपल्याच आळीतले वाटतात. कर्णधार काफूचे खरे नाव मार्कोस इव्हान्जेलिस्टा दी मोराइस. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ते कुणाच्या नजरेला खटकणार नाही.

मात्र त्या वर्षी आमच्या सभागृहात आनंदापेक्षा कुरकुरच अधिक होती. ब्राझीलने पहिले दोन सामने जिंकले होते, तरी पाहणाऱ्याला समाधान नव्हते. काफू छत्तीस वर्षांचा झाला होता. डाव्या बगलेचा रोबेर्तो कार्लोस तेहेतीस वर्षांचा. रोनाल्डोचे वय तिशीच्या आत होते खरे, पण देह जड झाला होता, आणि त्याच्या वजनाची चर्चा साऱ्या जगात चालली होती. उलट बावीस वर्षांचा रोबिन्यो आणि काफूच्याच जागी खेळणारा सिसिन्यो हे राखीव बाकावर बसून होते. "फादर, ह्यांना पेन्शन द्या म्हणावं!" एक मुलगा ओरडला आणि सारे सभागृह हसले. मीही हसलो. माझे हसणे काहीसे अधिकच मनापासून होते, हे आज कबूल करायला हवे. साहाय्यक धर्मगुरूच्या मनातही एक राखीव बाक असतो. आपल्या कल्पना घेऊन तो त्यावर बसलेला असतो आणि वर्षानुवर्षे तीच माणसे तीच कामे त्याच रीतीने करताना पाहत असतो.

त्या रात्री प्रशिक्षक कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी पाच बदल केले. काफू आणि रोबेर्तो कार्लोस यांना विश्रांती दिली. सिसिन्यो, रोबिन्यो, जुनिन्यो असे ताजे पाय मैदानात आणले. ब्राझीलने जपानला ४-१ असे हरवले. रोनाल्डोच्या पहिल्या गोलासाठी डोक्याने चेंडू पुरवला तो सिसिन्योनेच. आमची मुले बाके बडवत नाचली. 'आता तरी कळले असेल' असा सर्वांचा भाव होता. पण बाद फेरी आली तशी जुनी यादी परतली. काफू परतला, रोबेर्तो कार्लोस परतला. घाना फारसे कठीण गेले नाही, त्यामुळे तक्रार दबून राहिली.

मग १ जुलैला फ्रँकफर्टमध्ये फ्रान्सची गाठ पडली. सत्तावन्नाव्या मिनिटाला झिदानने डावीकडून फ्री किक घेतली. चेंडू सर्वांच्या डोक्यांवरून पलीकडच्या खांबाकडे गेला, तिथे आँरी एकटाच होता आणि त्याने तो जाळ्यात मारला. चित्रण पुन्हा दाखवले तेव्हा सभागृहात एकदम शांतता पसरली. फ्री किक घेतली जात असताना रोबेर्तो कार्लोस गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, आपला पायमोजा सारखा करत होता. सेमिनरीच्या मैदानावर मी डाव्या बगलेचा बचावपटू होतो. १९९७ साली फ्रान्सविरुद्ध त्याने मारलेली ती वळणदार फ्री किक, जी भिंतीला वळसा घालून खांबाला चाटून आत गेली, तिने आम्हा सर्वांना वेड लावले होते. त्या पायांचा मालक आता पायमोज्याशी झगडत होता. सिसिन्यो आणि रोबिन्यो मैदानात आले तेव्हा पाव तास उरला होता. ब्राझील ०-१ हरले.

मुले प्रशिक्षकाला नको ते बोलत पावसात घरी गेली. मी खुर्च्या उचलत होतो. प्रमुख धर्मगुरू छत्री घेऊन दार लावायला आले होते. त्यांनी निकाल विचारला. मी सांगितला आणि रागाच्या भरात हेही सांगितले, की म्हाताऱ्यांना खेळवण्याचे हे फळ. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण जिंकवलं कुणी?"

उत्तर मला ठाऊक होते. झिदान चौतीस वर्षांचा होता. २००४ साली तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. पुढच्या वर्षी थुराम आणि माकेलेले यांच्यासह परतला. गटातील पहिल्या दोन सामन्यांत फ्रान्सने बरोबरी पत्करली तेव्हा हा संघ म्हातारा झाला, अशी ओरड झाली होती. त्याच चौतिशीतील माणसाने त्या रात्री ब्राझीलच्या तरण्या-जुन्या सर्वांना नाचवले.

म्हणजे प्रश्न वयाचा नव्हता. पण मग कशाचा होता? मला पारेरांचा राग येई, आणि पुढे त्यांच्याविषयीच अधिक वाचावेसे वाटू लागले. १९९४ साली ब्राझील विश्वविजेते झाले तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. त्या अंतिम सामन्यात जोर्जिन्यो जखमी झाल्यावर बाकावरून उठून जो तरुण मैदानात आला, तो काफू. त्याच चमूत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. सबंध स्पर्धेत त्याला एक मिनिटही खेळायला मिळाले नाही. तो रोनाल्डो. काफू पुढे लागोपाठ तीन अंतिम सामने खेळला आणि २००२ साली कर्णधार म्हणून त्याने चषक उंचावला. ज्यांना आपण बाकावरून उठताना पाहिले, त्यांनाच आता परत बाकावर बसा असे कसे सांगायचे? पारेरांच्या मनात हेच असेल असे माझे म्हणणे नाही. त्यांचे मन मला कसे कळणार? पण त्यांच्या जागी मी असतो तर माझी जीभ उचलली नसती. आणि एकदा मी त्या जागी होतोही.

२०१२ सालची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामाची जबाबदारी होती. गावांच्या आंतरस्पर्धेत आमचा संघ उतरत असे. संघाचा कर्णधार चव्वेचाळीस वर्षांचा, डाव्या बगलेचा बचावपटू. पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जाणारा, परत येऊन मैदानावर पाणी मारणारा माणूस. गोलचे खांब त्याने घरोघर वर्गणी मागून उभे केले होते. मैदान होते तेच मुळी त्याच्यामुळे. त्याच जागेवर खेळणारा सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा वेग असा, की सरावात तो कर्णधाराला तीनदा गाठून चौथ्यांदा वाट पाहत थांबे. संघाची यादी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. कारण गावात दुसऱ्या कुणाला कर्णधाराची नाराजी घ्यायची नव्हती. फादरवर कोण रागावणार?

मी यादीत दर वेळी कर्णधाराचे नाव लिहिले. एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे. शाळेतून आणलेला लाकडी बाक मैदानाच्या कडेला असे आणि तो मुलगा बूट बांधून त्यावर बसलेला असे. बाहेरून मुले ओरडत, "फादर, त्याला उतरवा!" मी ऐकले नाही असे दाखवी. कर्णधाराचे त्या मैदानावर ऋण होते आणि ते फेडायला हवे, हे माझ्या मनाने पक्के धरले होते. ते ऋण मी दुसऱ्याच्या खिशातून फेडत होतो, हे मला दिसले नाही. चौथ्या वर्षी मुलगा आला नाही. नोकरीला लागला म्हणे. मी चौकशी केली नाही.

आता तो कर्णधाराचा पक्ष घेणारा माणूस मीच म्हातारपणाकडे झुकलो आहे, म्हणून की काय, २०२५ साली सुनील छेत्रीला परत बोलावल्याची बातमी आली तेव्हा मला प्रथम बरेच वाटले. छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य सामन्यानंतर निरोप घेतला होता. १५१ सामने, ९४ गोल. पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो परतला. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळवला. सोळा महिन्यांनंतरचा तो पहिला विजय. एक गोल गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, एक छेत्रीचा. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली आणि कुरकुर सुरू झाली. माझ्या आताच्या धर्मग्रामातील मुलांचे शब्दही तेच, 'पेन्शन द्या.' पेन्शन हा शब्द सरकारी नोकरीतून गेला, पण फुटबॉलमधून काही जात नाही.

मुलांशी मी वाद घातला. ब्राझीलची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी, असे मी त्यांना सांगितले. तिथे तयार माणूस बाकावर होता आणि त्याला उठवले गेले नाही. इथे बाकावर पाहिले तर आघाडीला गोल करणारा कोण आहे? इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत आणि बहुतेक संघ आघाडीची जागा परदेशी माणसालाच देत. भारतीय मुलगा कडेला खेळतो, नाही तर बसून राहतो. २०२४-२५ च्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक, म्हणजे १४ गोल केले ते पुन्हा छेत्रीनेच. मग प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला बोलावले तर दोष त्यांचा, की वीस वर्षे त्याच्यामागे कुणाला उभे न करणाऱ्यांचा? हा युक्तिवाद मला चांगला जमला होता. सेमिनरीत तर्कशास्त्रावर घालवलेली वर्षे अगदीच वाया गेली नाहीत.

तरी एका मुलाने मला अडवलेच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवे प्रशिक्षक खालिद जमील यांनी छेत्रीविना संघ मध्य आशियात नेला आणि त्या संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. "मग ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा कशाला बोलावलं, फादर?" ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

१४ ऑक्टोबरला मडगावला, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सिंगापूरशी सामना होता. हरलो तर २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद. नेमकी त्याच संध्याकाळी आमच्या निवासातील इंटरनेटची जोडणी गेली. तक्रार नोंदवली तर सातच्या सुमाराला एक तिशीचा तरुण शिडी घेऊन आला. लग्नानंतर त्याने आमच्याच धर्मग्रामात घर घेतले होते, हे मला ठाऊक नव्हते. त्याने मला ओळखले. मला मात्र क्षणभर लागला. तो बाकावरचा मुलगा होता.

जोडणी झाली. मी त्याला सामना पाहायला थांबवले. भारताने पहिला गोल केला तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वार्ध संपता संपता सिंगापूरने बरोबरी साधली. चहा ओतताना मी विचारले, "छेत्रीला बोलवायला नको होतं, असं तुलाही वाटतं का?"

"त्याचं काय चुकलं, फादर?" तो म्हणाला. "बोलावलं तर तो येणारच. आपला कर्णधारही येतच होता ना." मग थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "त्याच्या जागेवरच्या मुलांशी कुणी बोलतं का, एवढंच माझ्या मनात येतं. तुम्ही मला एकदा म्हणाला असता, 'यंदा नाही, थांब,' तर मी थांबलो असतो. मी दर रविवारी बूट बांधून यायचो. आई विचारायची, आज खेळवलं का?"

मी काय म्हणालो ते नीट आठवत नाही. चूक झाली, असे काहीतरी म्हणालो. त्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळले नाही. उत्तरार्धात सिंगापूरने दुसरा गोल केला आणि मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. भारत १-२ हरला.

फाटकापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. शिडी मोटारसायकलला बांधायला त्याला हात दिला. शनिवारी साडेचारला मुलांचा सराव असतो, शिकवायला कुणी नाही, येशील का, असे मी विचारले.

"यादी कोण करतं?" त्याने विचारले.

"अजून मीच करतो."

तो हसला आणि त्याने गाडी सुरू केली.