ह्यां डांबर खंयसून येता?

मृग जवळ आला की वेंगुर्ल्याला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर डांबर लागतं. काळे गोळे, काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे, उन्हाने मऊ पडून तळपायाला चिकटणारे. रापणीच्या जाळ्याला लागले की जाळं साफ करण्यात अख्खा दिवस जातो. लहानपणी आजी मला पायरीवर बसवून पायांना खोबरेल चोळायची, चिंधीने पुसायची आणि दर वर्षी तेच विचारायची, "ह्यां डांबर खंयसून येता गे?"

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत गेले, ती काचेच्या दोन बरण्यांत हे गोळे भरूनच. तेलाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते पाण्यावर तरंगतं आणि पाण्यात मिसळत नाही. तेवढं पुरेल असं मला मनापासून वाटत होतं.

सरांनी गोळ्यांना हात लावू दिला नाही. आधी ताजं कच्चं तेल दिलं आणि म्हणाले, "याचं वजन कर." बशीत थोडं ओतून मी ती काट्यावर ठेवली. आकडा स्थिर होईना. शेवटचा अंक उतरतच राहिला. काटा बिघडला म्हणून मी दुसऱ्या काट्यावर गेले, तिथेही तेच. शेजारी पीएचडी करणारी ताई होती. ती म्हणाली, "काटा बरोबर आहे. तेल उडतंय."

कच्चं तेल हा एक पदार्थ नाही, हजारो संयुगांची गर्दी आहे, हे वाक्य मी पाठ्यपुस्तकात अधोरेखित केलेलं होतं. पण त्या गर्दीतली हलकी मंडळी अशी डोळ्यांदेखत उठून जातात, हे मला उमगलं नव्हतं. मध्यम जातीचं तेल समुद्रावर सांडलं तर पहिल्या काही दिवसांत त्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग हवेत जाऊ शकतो. हलक्या तेलाचा तर पाऊण हिस्सासुद्धा. मागे उरतं ते जड, दाट. बेंझिनसारखी थोडी संयुगं पाण्यातही विरघळतात. प्रमाणाने ती किरकोळ, पण माशांच्या अंड्यांना आणि पिल्लांना बाधणारी.

तीच बशी चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. मग ते तेल आणि समुद्राचं पाणी विलगीकरण नरसाळ्यात घालून हलवलं. ताजं तेल हलवल्यावर थोड्याच वेळात वर आलं होतं, तसंच हेही येईल असं धरून मी जेवायला गेले. परत आले तर आत तपकिरी, खव्यासारखा लगदा. संध्याकाळपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तसाच. तेल आणि पाणी मिसळत नाहीत या माझ्या एकुलत्या एक ज्ञानाचं काय करावं, ते मला कळेना.

सरांनी फळ्यावर एक थेंब काढला. पाण्याचा बारीक थेंब आणि त्याभोवती तेलातल्या अस्फाल्टीन आणि रेझिन या जड रेणूंची साल. ती साल थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. असा लगदा ७०-८० टक्के पाणी धरून ठेवतो, म्हणजे सांडलेल्या तेलाचं आकारमान तिपटीपासून पाचपटीपर्यंत जातं. उन्हाचाही यात हात असतो. प्रकाशामुळे तेलाचे रेणू ऑक्सिजन घेतात आणि तसे रेणू पाण्याशी जवळीक करतात. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'ची विहीर फुटून ८७ दिवस तेल वाहत राहिलं. पृष्ठभागावर आलेल्या त्या तेलाचा मोठा भाग उन्हाने असा बदलला होता, हे संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. तेलाचे बारीक थेंब करण्यासाठी फवारतात ती रसायनं अशा बदललेल्या तेलावर नीट चालत नाहीत. आठवड्याभराचा उशीर म्हणजे वेगळ्याच पदार्थाशी गाठ, हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या नरसाळ्याकडे बघत बसले.

मग माझ्या गोळ्यांची पाळी आली. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवले, तळाला सागरेश्वरची वाळू उरली. सिलिकाच्या स्तंभातून हेक्झेनने गाळून नमुना गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे संयुगं वेगळी करून त्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्राला, दिला. ताज्या तेलाचा आलेख मी पाहिला होता: कंगव्याच्या दातांसारखी एकामागून एक शिखरं, एकेक कार्बन वाढत जाणाऱ्या सरळ साखळ्यांची. माझ्या नमुन्याचा आलेख आला तेव्हा दात जवळजवळ नव्हतेच. एक फुगीर टेकडी होती, बस. नमुना मी नासवला, या समजुतीने रडू आलं. पुन्हा केला. पुन्हा टेकडीच.

"नासवला नाहीस," ताई म्हणाली, "खाल्लाय त्यांनी."

समुद्रात तेलावर जगणारे जिवाणू आहेत. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा त्यातला प्रसिद्ध, उत्तर समुद्रात सापडलेला. ते सरळ साखळ्या आधी संपवतात, फांद्या फुटलेल्या मागून. सतरा कार्बनची सरळ साखळी आणि प्रिस्टेन हा फांद्या फुटलेला रेणू आलेखावर शेजारी शेजारी येतात. पहिलं शिखर प्रिस्टेनपेक्षा खुजं झालं की जिवाणूंचं जेवण सुरू झालं असं ओळखायचं. माझ्या आलेखात पहिलं पुसलं गेलं होतं आणि प्रिस्टेनचा लहानसा सुळका उरला होता. कंगव्याचे दात जिवाणूंनी खाल्ले होते. वेगळं न करता येणाऱ्या, पचायला अवघड संयुगांचा ढीग म्हणजे ती टेकडी.

टेकडीच्या शेवटी होपेन दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशीपटलातून आलेले हे रेणू आजच्या जिवाणूंना सहसा पचत नाहीत. त्यांची आपसातली प्रमाणं तेलाच्या जातीनुसार ठरतात आणि सहज बदलत नाहीत, म्हणून माग काढायला तेच कामी येतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशाच खुणांवरून गोव्याला लागलेल्या गोळ्यांचा माग काढला: २०१० चे आग्नेय आशियातल्या तेलाच्या जातीचे, जहाजांच्या टाक्या धुतल्याचे, २०१३ चे मुंबई हायच्या तेलाशी जुळणारे.

टाक्या धुतल्याचे. मी तो शोधनिबंध मिटला आणि आजीचे खोबरेलाने माखलेले हात आठवले. कुणीतरी दूर समुद्रात टाकी धुवावी आणि माझ्या आजीने पाय पुसत बसावं, याचा राग मला अजून येतो.

मे महिन्यात घरी गेले. आजीला सांगितलं की तुझं डांबर समुद्रात पुष्कळ फिरून आलंय, त्यातलं उडण्यासारखं उडालं, खाण्यासारखं खाल्लं गेलं, उरलं ते आपल्या पायाला लागतं.

"ता कळला," आजी म्हणाली. "पण खंयसून?"

माझ्या होपेनचे आकडे वहीत आहेत. जुळवून बघायला जहाजांच्या टाक्यांतलं तेल हवं, ते मिळवण्यासाठी सरांनी पत्रं लिहिली आहेत. दुसरी बरणी फ्रीजरमध्ये ठेवलीय, तारखेची आणि सागरेश्वरची चिठ्ठी लावून.