चिंगी गुरगुरली तेव्हा

शेल्टरमधून आणल्यावर चौथ्याच दिवशी चिंगी माझ्या पाच वर्षांच्या भाचीवर गुरगुरली. भाचीने तिला फक्त मिठी मारली होती. "परत सोडून ये तिला," आई म्हणाली. मी चिंगीवर जोरात ओरडले. ती कॉटखाली जाऊन बसली, रात्री जेवलीही नाही.

चूक माझी होती. गुरगुरण्याआधी चिंगीने तोंड फिरवलं होतं, ओठ चाटले होते, झोप आलेली नसताना जांभई दिली होती. आम्ही फोटो काढत होतो. ओरडून गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. पुढच्या वेळी कुत्रं न सांगताच चावू शकतं.

मग नियम केले, पण भाचीसाठी. मिठी नाही. चिंगी जेवताना, झोपलेली असताना हात लावायचा नाही. कॉटखालची जागा फक्त चिंगीची. खोलीत मोठं माणूस हवंच. भाची लांब बसून चित्रं काढायची आणि अधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा चिंगीच्या दिशेने टाकायची, तिच्याकडे न बघता.

तीन आठवड्यांनी चिंगी आपणहून आली आणि भाचीच्या पाठीला टेकून बसली. भाचीने हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घेतला.

"मावशी, तिला अजून विचारलंच नाही."

मी पाच वर्षांची होते तेव्हा पाहुणे आले की घरचे म्हणायचे, "जा, काकांना पापी दे." मीही तोंड फिरवायचे. माझ्याकडेही कुणी बघत नव्हतं.