बेअरिंग

मराठी रंगभूमीवर नटाचे बेअरिंग सुटते, तो ते पुन्हा पकडतो आणि शेवटच्या अंकापर्यंत सांभाळतो. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ माणसाची वागण्या-वावरण्याची ढब असा आहे आणि नाटकातला वापर तिथूनच आला असणार. पण ‘सुटणे’, ‘पकडणे’, ‘सांभाळणे’ ही जी क्रियापदे मराठीने त्याला जोडली, ती ऐकताना मला नेहमी लोखंडी बेअरिंगच दिसते. भूमिका स्वतःभोवती फिरत राहायला हवी, आणि आसापासून ढळताही कामा नये. यंत्रातल्या बेअरिंगचे कामही याहून वेगळे नाही.

मराठी विश्वकोशात त्यासाठी ‘धारवा’ असा शब्द योजलेला आहे. ‘धृ’ धातूशी नाते सांगणारा, अर्थवाही आणि नेटका. तरीही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हा शब्द उच्चारला तर समोरचा माणूस आपल्याकडे कुतूहलाने पाहील. तिथे ‘बेरिंग’च असते, आणि ते झिजत नाही, ‘जाते’.

आमच्या वडिलांच्या ड्रिल मशीनचे असेच गेले होते. वर्कशॉप बंद झाल्यावर बाकी यंत्रे विकली गेली आणि ही एक पिलर ड्रिल मशीन मागे राहिली. चालू केली की ती घरघरत असे. पाडलेले भोक ड्रिलच्या मापापेक्षा मोठे येई. दादाचे मत तिला भंगारात घालावे असे होते. बिडाचे वजन भरपूर, गिऱ्हाईक दारात उभे. मी एवढेच म्हटले, की आधी मोजून पाहू. स्पिंडलच वाकला असेल तर बेअरिंगे बदलून काही साधणार नव्हते, आणि मग दादाचे म्हणणे मला मान्य करावे लागले असते.

वडिलांकडे काम केलेले एक मिस्त्री डायल गेज घेऊन आले. या गेजवरचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. सुतार ज्या ‘सूत’ या मापात बोलतो ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. त्याच्यासमोर हे जग फारच सूक्ष्म. स्पिंडलच्या तोंडाशी आतल्या निमुळत्या पृष्ठभागावर, म्हणजे टेपरवर, गेजचे टोक टेकवून मिस्त्रींनी स्पिंडल हाताने सावकाश फिरवला. काटा आठ शतांश हलला. पुन्हा फिरवला, तर बारा. तिसऱ्यांदा दहा, आणि तेही वेगळ्याच जागी. मिस्त्री खूश झाले.

त्यांच्या आनंदाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाकलेल्या स्पिंडलची चूक इमानी असते; प्रत्येक फेऱ्यात ती त्याच जागी, तेवढीच येते. झिजलेल्या बेअरिंगची चूक दरवेळी बदलते, कारण छर्रे आणि त्यांच्या खाचा यांच्यात मोकळीक पडलेली असते आणि स्पिंडल त्या मोकळिकीत वाटेल तसा कलंडतो. पहिलीला ‘आउट’ म्हणतात, दुसरीला ‘प्ले’. काटा दरवेळी निराळे सांगत होता, म्हणजे दोष निदान मुख्यतः बेअरिंगांत होता. आपल्याकडे पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखितांतल्या चुकांबद्दल आपण जवळजवळ हेच सांगतो: ज्या प्रतींत तीच चूक त्याच जागी येते त्यांचे मूळ एक; इतस्ततः विखुरलेल्या चुका लेखनिकाच्या थकव्याच्या.

फीड परत वर खेचणारी गुंडाळलेली स्प्रिंग आधी सांभाळून सैल करावी लागते. ती हातातून सुटली तर बोटे फोडते. मग स्लीव्ह बाहेर, सर्क्लिप बाहेर आणि पुलरने जुनी बेअरिंगे बाहेर. खालच्या बेअरिंगच्या कडेवर ६२०५ हा आकडा होता. यातला ६ म्हणजे छर्ऱ्यांची एकच ओळ असलेले, खोल खाचेचे बेअरिंग. २ ही बाहेरच्या मापांची मालिका. आणि शेवटच्या ०५ ला पाचने गुणले की आतले छिद्र मिळते, २५ मिलिमीटर. हा गुणाकार ०४ पासून पुढे चालतो. त्याखाली ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७. हे अपवाद पाठच करायचे. पुढे झेडझेड हा प्रत्यय लागला की दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. इतके आटोपशीर व्याकरण पाहून वैयाकरणाला हेवा वाटावा.

नवे बेअरिंग बसवताना एक पथ्य फार कडक आहे. आतली कडी स्पिंडलवर घट्ट बसायची असेल तर जोर आतल्या कडीवरच द्यायचा. बाहेरच्या कडीवर ठोकले तर सगळा आघात छर्ऱ्यांतून जातो, खाचांत बारीक खळगे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच घरघरू लागते. स्पिंडल रात्रभर आमच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला होता; थंडीने तो किंचित आकसला आणि मिस्त्रींनी योग्य मापाचा पाइपचा तुकडा आतल्या कडीवर टेकवून बेअरिंगे फारशा खटाटोपाविना सरकवली.

१९२० साली किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र निघाले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. ज्या आवारात नांगर ओतले जात तिथेच कथाही छापल्या जात होत्या. तरी आपल्या कथेत कामगाराचे दारिद्र्य आले, संप आला, चाळ आली. त्याच्या बोटांना ठाऊक असलेली ही पथ्ये मात्र क्वचितच आली. मला ही मोठी उणीव वाटते. असो.

बेअरिंगे बसल्यावर टेपरमध्ये काटा दोनच शतांश हलला, आणि दरवेळी तेवढाच. स्पिंडल सरळ होता. दादा काही बोलला नाही. गेज मात्र त्याने हातात घेऊन पाहिला. पण चक चढवून त्यात सरळ दांडी धरली तेव्हा सोळा निघाले. (काटा सोळा हलला तर आस प्रत्यक्षात आठच ढळलेला असतो, गेज दोन्ही बाजू मोजतो.) चकच्या मागच्या टेपरवर गंज आणि एक बारीक उंचवटा होता. तो तेलदगडाने उतरवून दोन्ही पृष्ठभाग अगदी कोरडे पुसले. या जागी तेल चालत नाही. मोर्स टेपरचा उतार साधारण विसास एक, इतका मंद, की तो केवळ घर्षणाने धरून राहतो. आता आठ.

‘‘ताई, अजून थोडं काढू,’’ म्हणून मिस्त्रींनी चक उतरवला, अर्धा फेरा वळवला आणि लाकडी हातोड्याने पुन्हा बसवला. चकची चूक स्पिंडलच्या चुकीच्या विरुद्ध दिशेला आली आणि काटा पाचावर थांबला. मग त्यांनी खिळ्याने दोन बारीक रेघा ओढल्या, एक स्पिंडलवर आणि एक चकवर, म्हणजे पुढे कोणीही चक उतरवला तरी तो नेमका तिथेच बसवता येईल.